अर्जाच्या आधीची परीक्षा

मुलीकडे व्हर्जिनियाला गेले, की माझी संध्याकाळ नातीच्या गणितात जाते. तीस वर्षे साताऱ्यात गणित शिकवले, सवय सुटत नाही. गेल्या खेपेला शेजारचा एक मुलगाही येऊन बसू लागला. दोघे आठवीत. त्याची आई एल साल्वादोरहून आलेली, रात्री कचेऱ्यांची साफसफाई करते. नातीचे ऐकून तोही मला आजीच म्हणे.

एकदा कोडे घातले : कोंबड्या आणि शेळ्या मिळून २० डोकी, ५६ पाय, शेळ्या किती? नात वहीत 'क्ष' मांडू लागली. पोरगा म्हणाला, "आजी, साऱ्या कोंबड्याच असत्या तर चाळीस पाय. सोळा जास्त आहेत, म्हणजे शेळ्या आठ!"

नात थॉमस जेफरसन हायस्कूलसाठी अर्ज भरणार होती. मी त्याला विचारले, "तू?" तो म्हणाला, "मला भरता येत नाही. मी अल्जेब्राच्या वर्गात नाही."

फेअरफॅक्स कौंटीची ही सरकारी शाळा १९८५ पासूनची. विज्ञान-तंत्रज्ञानासाठी नावाजलेली, प्रवेश निवडून. अर्ज करायचा तर आठवीत निदान 'अल्जेब्रा वन' चालू हवे. आपल्याकडे साधारणपणे साऱ्या वर्गाला एकच गणित असते. तिकडे सहावी-सातवीतच वाटा फुटतात. हे ज्या घराला ठाऊक, त्याचे मूल वेळेवर वाटेला लागते. त्याच्या आईला कोणी सांगितलेच नव्हते.

या शाळेवरून मोठा वाद झाला. २०२० मध्ये प्रवेश परीक्षा आणि शंभर डॉलरचे अर्जशुल्क रद्द झाले. प्रत्येक सरकारी माध्यमिक शाळेतल्या दीड टक्का मुलांसाठी जागा ठरल्या. गरीब घरची मुले एक टक्क्याहूनही कमी होती, ती पहिल्याच तुकडीत सुमारे २५ टक्के झाली. आशियाई वंशाच्या मुलांचे प्रमाण ७३ वरून ५४ टक्क्यांवर आले. पालक कोर्टात गेले. २०२२ मध्ये जिंकले, २०२३ मध्ये अपिलात हरले. २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने प्रकरण ऐकण्यास नकार दिला. त्या पालकांत आपलेही लोक होते. मुलाने वर्षानुवर्षे अभ्यास केला हा काय त्याचा गुन्हा, हा त्यांचा प्रश्न मला खोटा वाटत नाही.

या साऱ्या बदलात बीजगणिताची अट मात्र राहिली. शिक्षिका म्हणून मला ती चुकीची वाटत नाही. पाया नसताना मुलाला वर चढवणे ही दया नव्हे. पण पायाच ज्याच्यापर्यंत पोहोचला नाही, त्याला 'तू पात्र नाहीस' म्हणणे हा तरी न्याय कसा? परीक्षेत नापास झालेला निदान मोजला जातो. अर्जच न भरलेला कोणाच्या खिजगणतीत नसतो.

उपाय अवघड नाही. शेजारच्या नॉर्थ कॅरोलायनात २०१८ मध्ये कायदा झाला : गणिताच्या वार्षिक परीक्षेत सर्वोच्च श्रेणी मिळवणाऱ्या मुलाला पुढच्या वर्षी वरच्या गणिताची संधी द्यायचीच. आई-बापाने मागण्याची वाट पाहायची नाही.

मी निघण्याच्या आदल्या दिवशी त्याची आई आली. धाकटी चौथीत आहे. तिच्यासाठी शाळेत काय विचारायचे, ते नातीने कागदावर लिहून दिले. बाईने तो घडी घालून पर्समध्ये ठेवला. एका घराची सोय झाली. पण ज्यांच्या शेजारी गणिताच्या बाई राहायला येत नाहीत, त्यांनी कोणाला विचारायचे?