गुरू मिळेपर्यंत डबल बास

वाद्य शिकावयाचे तर गुरू हवा, हे सर्वमान्य आहे. परंतु डबल बास शिकविणारे आपल्याकडे मोजकेच आणि तेही मोठ्या शहरांत. मग तोपर्यंत वाद्याला हातच लावू नये काय? आमच्या मते अवश्य लावावा. मात्र काय करावे आणि काय मागे ठेवावे, हे विद्यार्थ्यांनी आधी समजून घेतले पाहिजे.

डोमेनिको ड्रॅगोनेटी (१७६३–१८४६) हा या वाद्याचा थोर वादक. व्हेनिसमधील न्हाव्याचा हा मुलगा वडिलांच्या गिटार व व्हायोलिनवर आपला आपणच शिकू लागला; डबल बासचे गुरू त्याला बाराव्या वर्षी लाभले. म्हणजे आधी स्वतः धडपडणे काही अशुभ नाही.

या वाद्याच्या चार तारा ई, ए, डी, जी अशा लावतात. पाश्चात्त्य पद्धतीने लावलेल्या व्हायोलिनच्या शेजारच्या तारांत सा-प असे अंतर असते, येथे मात्र सा-म. जाड तार षड्ज मानली की पुढची तार मध्यम. ज्यांचा कान पेटीवर तयार झाला आहे त्यांना हे लवकर साधते. तारा बदलताना मात्र एका वेळी एकच बदलावी. चारही एकदम सैल केल्यास घोडी पडते आणि वाद्याच्या पोटातील लाकडी खुंट निसटू शकतो. तो पुन्हा बसविणे जाणत्या कारागिराचेच काम.

खरा धोका डाव्या हाताला आहे. तारेची लांबी सुमारे १०५ सेंटिमीटर, त्यामुळे वरच्या टोकाशी एका अर्ध्या स्वराला जवळजवळ ६ सेंटिमीटर जागा लागते. व्हायोलिनवर ती २ सेंटिमीटरहूनही कमी असते. म्हणूनच व्हिएन्नात शिकविणाऱ्या फ्रान्झ सिमांडल (१८४०–१९१२) यांच्या पद्धतीत या भागात तर्जनी, मधले बोट व करंगळी एवढ्यांवरच स्वर घेतात, अनामिका करंगळीला आधार देते. तर्जनीपासून करंगळीपर्यंत एकच पूर्ण स्वर बसतो. नवशिका अधिक ताणू पाहतो आणि अंगठ्याने मान आवळतो. तार बोटांच्या चिमटीने नव्हे, हाताच्या वजनाने दाबली जावी. अंगठ्याच्या मुळाशी वा मनगटात दुखू लागले की त्या दिवशी थांबावे. सवयीने बरे होईल असे म्हणून रेटू नये. तारा फार उंच असतील तर दोष हाताचा नसतो, घोडी कारागिराकडून उतरवून घ्यावी.

तेव्हा पहिले काही महिने उजव्या हाताला द्यावेत. खालची दांडी अशी उंच करावी की वाद्य डाव्या कुशीला टेकून, डाव्या हाताने न धरता, स्थिर उभे राहील. मग मोकळ्या तारांवर लांब, संथ गज ओढावा. तो तारेशी काटकोनात, पट्टीचे टोक आणि घोडी यांच्या मधोमध चालावा. समोर आरसा ठेवावा, कारण गज वाकडा चाललेला वाजविणाऱ्याला वरून दिसत नाही. गजाला राळ डबल बासचीच लावावी. व्हायोलिनची राळ कडक असते, ती या जाड तारांना पुरेशी पकड देत नाही. एकेका तारेवर आवाज न थरथरता टिकू लागला म्हणजे तर्जनीचा पहिला स्वर घ्यावा आणि तो पेटीशी ताडून पाहावा. गाणी बसविण्याची घाई असतेच, पण चुकीच्या पकडीने बसलेली दहा गाणी पुढे गुरूला आधी मोडावी लागतात. अंगठा पट्टीवर आणून वाजविण्याचे वरचे स्वर तर पूर्णपणे गुरूसाठीच राखून ठेवावेत.