ऑनर सोसायटी : पाच शिक्षकांची कसोटी

अमेरिकेतील माध्यमिक शाळांत गुणवंत विद्यार्थ्यांचा गौरव करणारी 'नॅशनल ऑनर सोसायटी' ही संस्था १९२१ मध्ये तेथील मुख्याध्यापकांच्या राष्ट्रीय संघटनेने स्थापन केली. महाविद्यालयीन प्रवेशाच्या अर्जात तिच्या सदस्यत्वाचा उल्लेख आवर्जून केला जात असल्याने तेथे स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांतही या नावाची चर्चा असते. चांगले गुण मिळाले की सदस्यत्व आपोआप मिळते, हा मात्र सर्वसाधारण गैरसमज आहे. अंतिम निर्णय असतो तो शाळेतील पाच शिक्षकांच्या समितीचा.

विद्वत्ता, सेवा, नेतृत्व आणि चारित्र्य हे या संस्थेचे चार आधारस्तंभ. विद्वत्तेसाठी किमान ८५ टक्के किंवा चारपैकी तीन श्रेणीगुण आवश्यक असतात. शाखेला ही अट अधिक कडक करता येते. ती पूर्ण करणाऱ्या विद्यार्थ्यांकडून सेवाकार्य व इतर उपक्रमांची माहिती मागविली जाते आणि उरलेल्या तीन निकषांवर समिती विचार करते.

समितीची नेमणूक मुख्याध्यापक करतात. मात्र त्यांना स्वतःला समितीत बसता येत नाही. शाखेचे कामकाज पाहणारे मार्गदर्शक शिक्षक चर्चेला उपस्थित राहतात. परंतु त्यांना मताधिकार नसतो. निवड बहुमताने होते. एखाद्या विद्यार्थ्याच्या निवडीबाबत राष्ट्रीय संस्था फेरविचार करीत नाही. साहजिकच अध्यापनाचे काम सांभाळून ही जबाबदारी घेणाऱ्या शिक्षकांवर मोठे दायित्व येते.

गुण मोजता येतात, चारित्र्य कसे मोजणार? हा प्रश्न १९९८ मध्ये केंटकी राज्यातील ग्रँट परगण्यात थेट न्यायालयात पोहोचला. गुणांची अट पूर्ण करूनही दोन विद्यार्थिनींना तेथील शाखेत प्रवेश मिळाला नव्हता. त्यांपैकी एक गर्भवती होती, तर दुसरी माता झालेली होती. विवाहबाह्य संबंध चारित्र्याच्या निकषात बसत नाहीत, असा युक्तिवाद शाळेच्या बाजूने करण्यात आला. मात्र या कसोटीत मुली शारीरिक अवस्थेमुळे सापडतात आणि मुलगे सहज सुटतात, ही विसंगती न्यायालयाने हेरली. लिंगभेदास मनाई करणाऱ्या संघराज्य कायद्याचा आधार घेऊन डिसेंबर १९९८ मध्ये न्यायालयाने दोघींना सदस्यत्व देण्याचा अंतरिम आदेश दिला.

समितीवर काम करणाऱ्या शिक्षकांसाठी या प्रकरणातील धडा स्पष्ट आहे. एकाला लावलेली फूटपट्टी सर्वांना लावली पाहिजे. ऐकीव गोष्टींऐवजी नोंदींवर भिस्त ठेवली पाहिजे आणि आपला निर्णय कारणांसह मांडता आला पाहिजे. सदस्यत्व काढून घ्यायचे असल्यास विद्यार्थ्याला लेखी सूचना देऊन त्याची बाजू ऐकून घेणे नियमानेच बंधनकारक आहे. पहिल्या निवडीच्या वेळी मात्र अशा सुनावणीचा हक्क नसतो. म्हणूनच तेथे समितीच्या सचोटीचे मोल अधिक.

विद्यार्थ्यांच्या दृष्टीनेही यात एक सूचना दडलेली आहे. माहितीचा अर्ज घाईने भरू नये. केलेल्या सेवेच्या तारखा, तास व स्वरूप यांची नोंद पहिल्या वर्षापासून ठेवावी. समितीतील सर्वच शिक्षक आपल्याला ओळखतात असे नाही. अनेकदा त्यांच्यासमोर विद्यार्थी नसतो, असतो तो केवळ त्याचा कागद.