विधी शिक्षणाच्या अर्जासोबतचे निवेदन

आपल्याकडे विधी शाखेचा प्रवेश मुख्यतः गुणांवर अथवा प्रवेश परीक्षेवर मिळतो. त्यामुळे बेळगावच्या राजा लखमगौडा विधी महाविद्यालयातून पदवी घेतलेल्या विद्यार्थ्यासही परदेशी विद्यापीठे मागतात ते वैयक्तिक निवेदन अपरिचित असते. अमेरिकेत ते बहुधा दोन पृष्ठांचे असते. गुणपत्रक जे सांगू शकत नाही, तेच त्यात यावे.

पुष्कळ मसुदे ‘मला लहानपणापासून न्यायाची आवड आहे’ अशा वाक्याने सुरू होतात. हे कोणीही लिहील. निपाणीच्या विडी कामगाराच्या मुलीजवळ याहून भक्कम सामग्री असते. आईने वळलेल्या विड्यांपैकी काही ‘छाट’ म्हणून बाजूला काढल्या गेल्या व त्यांची मजुरी बुडाली, हे तिने पाहिलेले असते. विडी व सिगार कामगारांविषयीच्या 1966 च्या कायद्यात, कलम 39 मध्ये, नेमक्या याच वादाच्या निवाड्याची तरतूद होती. ती घरी कोणास ठाऊक होती काय, स्वतःस केव्हा कळली व पुढे काय केले, एवढ्याने पहिले पान भरेल. परीक्षकास निपाणी ठाऊक नसणार. सबब मजुरी हजार विड्यांमागे मिळते, हे एका वाक्यात सांगावे.

सीमाप्रश्नावर लिहिण्याचा मोह होतो. महाराष्ट्राने 2004 साली सर्वोच्च न्यायालयात दावा दाखल केला, हे परीक्षक अन्यत्र वाचू शकतो. जमिनीचा कन्नड उतारा आजोबांना मराठीत समजावताना कोणता शब्द अडला, हे मात्र अर्जदारच सांगेल.

शिक्षकांनी इंग्रजी अवश्य तपासावे. वाक्ये स्वतः लिहून देऊ नयेत.