पिकअपची उंची वाढविताना सावधान

पुंडलिकनगर, गारखेडा परिसरात जाधववाडीच्या बाजार समितीतून भाजीपाला आणणारी पिकअप गाडी रिकामी उभी असली, की तिची मागची बाजू पुढच्यापेक्षा उंच दिसते. अनेकांना तो दोष वाटतो. प्रत्यक्षात माल भरल्यावर मागचे कमान पाटे दबून गाडी समपातळीत यावी, यासाठी केलेली ती तरतूद आहे. पुढे ठोकळे बसवून गाडी रिकामी असतानाच समतल केली, तर माल चढताच मागची बाजू खाली बसते, नाक वर होते आणि हेडलाइटचा झोत समोरच्या दुचाकीस्वाराच्या डोळ्यांवर जातो.

मोठ्या टायरचे गणितही तपासण्याजोगे आहे. २१५/७५ आर १५ मापाच्या टायरचा व्यास सुमारे ७०४ मिलिमीटर, तर २३५/७५ आर १५ चा ७३४ मिलिमीटर. एवढा खर्च करून गाडी उचलली जाते ती जेमतेम १५ मिलिमीटर! उलट स्पीडोमीटर ६० दाखवीत असताना खरा वेग साडेबासष्टच्या घरात असतो. चढावर ओढ कमी होते, ब्रेकवर ताण वाढतो.

उत्पादकाने ठरविलेल्या मूळ तपशिलांशी नोंदणीपत्र विसंगत ठरेल, असा बदल करण्यास मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ मनाई करते. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हेच स्पष्ट केले. त्याच वर्षीच्या दुरुस्तीनुसार बेकायदा फेरफार करणाऱ्या मालकाला प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. टायर बदलायचेच असतील, तर कंपनीने त्या मॉडेलसाठी मान्य केलेलेच माप घ्यावे आणि भारक्षमता जुन्या टायरपेक्षा कमी नाही, हे टायरच्या कडेवरील अंकावरून पाहून घ्यावे.