घरच्या वस्तूंवर कापडाचें आवरण

बहुतेक घरांत एखाद्या ट्रंकेच्या तळाशीं कापडाचे कांहीं तुकडे वर्षानुवर्षें पडून असतात. ओटींत आलेला गुळेदगुड्डचा खण, ज्याची चोळी कधींच शिवली गेली नाहीं. विटलेल्या लुगड्याचे अद्याप शाबूत असलेले कांठ. पडद्यांतून उरलेला हातभर तुकडा. त्याच घरांत पुठ्ठ्याच्या पेट्या, पत्र्याचे डबे आणि वह्या मात्र उघड्याबोडक्या दिसतात. या दोहोंची गांठ कशी घालून द्यावी, एवढाच आजच्या भाषणाचा विषय आहे. शाळेंत मुलांकडून पुस्तकबांधणी करून घेण्यांत माझीं पुष्कळ वर्षें गेलीं, आणि हें काम तिचेंच धाकटें भावंड होय.

प्रथम खळ. एक वाटी मैदा थोड्या गार पाण्यांत गुठळ्या मोडून कालवावा. मग पांच-सहा वाट्या पाणी घालून मंद आंचेवर सारखें ढवळीत राहावें. सुमारे ६० अंश सेंटिग्रेडच्या पुढें पिठांतील कण पाणी पिऊन फुगतात आणि दुधासारखें दिसणारें मिश्रण दाट व तुकतुकीत होतें. आणखी दोन मिनिटें ढवळून तें खालीं उतरावें. कच्ची राहिलेली खळ सुकल्यावर पापुद्र्यासारखी सुटते. पुस्तकबांधणीचे कारागीर तींत थोडें मोरचूद घालतात, त्यामुळें बुरशी व कीड दूर राहते. परंतु मोरचूद हें विष आहे. ज्या घरांत लहान मुलें वावरतात तेथें तें न घालणेंच बरें. त्याऐवजीं खळ लागेल तेवढीच, ताजी करावी.

कापड सुती असेल तर आधीं गरम पाण्यांत धुऊन, वाळवून, इस्त्री करून घ्यावें. कोऱ्या कापडांतील कांजी निघून जाते, आणि त्याला जें आकसावयाचें असेल तें पेटीवर चढण्यापूर्वींच आकसतें. खळ कापडास न लावतां पुठ्ठ्यास लावावी, आणि तीही पातळ. नाहीं तर ती विणींतून वर येऊन डाग पाडते. कापड ठेवल्यावर मधून कडेकडे चमच्याच्या पाठीनें हलकेंच दाबीत जावें. कोपऱ्यावर कापड तिरपें कापतांना पुठ्ठ्याच्या जाडीच्या दीडपट तरी कापड टोकापाशीं राखावें. हा जरासा हिशेब चुकला कीं कोपऱ्यांतून पुठ्ठा डोकावतो, आणि सगळ्या कामाची शोभा जाते.

येथवर सारें सोपें आहे. खरी फजिती दुसऱ्या दिवशीं होते. रात्रीं सपाट असलेलें झाकण सकाळीं पापडासारखें वळलेलें आढळतें. मुलें म्हणत, "गुरुजी, पुठ्ठा वाईट निघाला." पुठ्ठ्याचा कांहीं अपराध नसतो. खळीच्या ओलाव्यानें एक बाजू भिजते. सुकतांना वरचें आवरण आकसूं पाहतें आणि पुठ्ठ्याला आपल्याकडे ओढतें. यावर उपाय एकच. दुसऱ्या बाजूसही त्याच वेळीं खळीनें कागद चिकटवावा, म्हणजे दोन्हीकडची ओढ सारखी होते. मग कोऱ्या कागदांच्या घडींत तें घालून वर जड पुस्तकें ठेवावींत. उन्हांत वाळविण्याची घाई करूं नये. आंतलें अस्तर पुष्कळांना केवळ हौसेचें वाटतें. वास्तविक पेटीचा सपाटपणा त्यावरच अवलंबून असतो.

पत्र्याच्या डब्यावर ही खळ चालत नाहीं, कारण गुळगुळीत पत्रा ओलावा शोषून घेत नाहीं. तेथें सुतार वापरतात तो पांढरा फेव्हिकॉल घ्यावा. डब्याचें अंग सरळ असेल तर कापड सरळ कापावें. बाक असेल तर उरेब, म्हणजे ताण्याबाण्याला तिरपें कापावें, तसें कापड ताणलें जाऊन बाकावर बसतें. चुलीजवळची अथवा रोज धुवावयाची वस्तू सोडून द्यावी. पाण्याचा माठ तर मुळींच सजवूं नये. त्याच्या अंगावाटे झिरपणारें पाणी वाफ होऊन जातें म्हणून आंतलें गार राहतें. कापड चिकटवून तीं छिद्रें बुजविलीं कीं माठाचा उपयोगच संपला.

आतां एक गोष्ट माझ्या स्वतःच्या चुकीची. आई गेल्यावर तिचें एक इरकली लुगडें मागें राहिलें. घड्यांवर तें विरलें होतें, पण लाल टोपपदर ठीक होता. तिचा चष्मा व जपमाळ ठेवण्यासाठीं मीं एक पेटी केली आणि झाकणावर त्या पदराचा तुकडा लावावयास घेतला. आमच्या मंडळींनीं सांगितलें, "अहो, त्याला खळ लावूं नका, टांके घाला." मी पुस्तकबांधणी शिकविणारा, मला तें रुचलें नाहीं. खळीच्या ओलाव्यानें तांबडा रंग पांढऱ्या रेघांवर उतरला. तेंही चाललें असतें. पण दुसऱ्या पावसाळ्यानंतर पेटी उघडली, तों कापडावर बुरशीचे काळे ठिपके, आणि कांठाशीं कसरीनें कुरतडलेलें. कसरीला पीठ आवडतें, आणि तें मींच तिला वाढून ठेवलें होतें. तुकडा सोडवूं गेलों तर रेशीम हातांत आलें.

पदराचा एक पट्टा सुदैवानें उरला होता. तो सौभाग्यवतीनें आपल्या हातानें लावला. प्रथम धुतलेल्या मलमलीवर तो सैल टाक्यांनीं जोडला. सुई धाग्यांच्या मधून काढली, धाग्यांतून नव्हे. मग मलमलीच्या कडा पुठ्ठ्याच्या मागें वळवून, समोरासमोरच्या कडा दोऱ्यानें एकमेकींस ओढून बांधल्या, बाजेची सुतळी ओढतात तशा. खळीचा थेंबही नाहीं. उद्यां हवें तर टांके उसवून पदर जसाच्या तसा काढतां येईल. ती पेटी आतां कपाटांत असते. दर वर्षीं पावसाळा संपला कीं तिला दोन दिवस सावलींत वारा देतों, आणि मग चष्मा पुसून परत आंत ठेवतों.