लाल विंचवाचे विष

ज्वारीची काढणी आटोपली की सोलापूर जिल्ह्यातील रानारानांतून कडब्याची बुचाडे उभी राहतात, बांधाचे दगड हलविले जातात, आणि गोवऱ्यांचे ढीग उपसले जातात. या तिन्ही जागा लाल विंचवाच्या आवडीच्या आहेत. म्हणून उन्हाळा लागल्यापासून पहिल्या पावसापर्यंत विंचूदंशाच्या वार्ता आपणां सर्वांच्या कानी येतात.

आपल्याकडे विंचू अनेक जातींचे आढळतात. मोठा काळा विंचू, ज्याचे पुढील आकडे जाड व भरदार असतात, तो दिसावयास भयंकर. परंतु त्याच्या दंशाने बहुधा जागच्या जागी वेदना होतात, इतकेच. खरे भय आहे ते तांबूस रंगाच्या लहान विंचवाचे. त्याचे आकडे बारीक व नांगी जाड असते. शास्त्रज्ञ त्यास ‘हॉटेन्टॉटा टॅम्युलस’ म्हणतात.

याचे विष म्हणजे क्षार, पाचकद्रव्ये आणि पुष्कळशी लहान लहान प्रथिने यांचे मिश्रण होय. या लहान प्रथिनांस ‘पेप्टाइड’ अशी संज्ञा आहे. आपल्या शरीरातील मज्जातंतूंवर सोडियम, पोटॅशियम अशा क्षारांची ये-जा होण्यासाठी सूक्ष्म दारे असतात. पाटाच्या पाण्याची दारे धरणाऱ्या शेतकऱ्यास ही गोष्ट समजावून सांगण्याची गरज नाही. वाफा भरला की दार मिटावे लागते. ते मिटलेच नाही तर पाणी सैरावैरा धावते. विंचवाच्या विषातील साठ-सत्तर घटकांच्या साखळीचे काही पेप्टाइड सोडियमचे दार वेळेवर मिटू देत नाहीत. मग मज्जातंतू अखंड इशारे देत राहतात, रक्तवाहिन्या आवळल्या जातात, रक्तदाब चढतो, हृदयावर ताण पडतो आणि अखेरीस फुप्फुसांत पाणी साचते.

गंभीर दंशात पुष्कळदा दंशाच्या जागी फारशी वेदना नसते. रोग्यास दरदरून घाम फुटतो, उलट्या होतात, हातपाय गार पडतात. वेदना नाही म्हणून घरची माणसे निश्चिंत होतात आणि तेथेच घात होतो. उलट, ज्यास असह्य ठणका लागतो त्याचा जीव बहुधा धोक्यात नसतो. काही तासांनी ठणका आपोआप उतरतो आणि त्याचे श्रेय मंत्र घालणाऱ्यास मिळते. मांत्रिकाची ख्याती कशी वाढते, याचे कोडे मला यावरून उलगडले.

मंगळवेढ्याच्या बाजूस एका रानात कडबा भरताना आठ-नऊ वर्षांच्या मुलास विंचू चावल्याचे मी पाहिले आहे. मुलगा रडत नव्हता. सदरा मात्र ओला चिंब झाला होता. वडीलधारी मंडळी म्हणत होती, “उतरलं आता.” त्या मुलास तशाच स्थितीत गाडीत घालून रुग्णालयात नेले. दुसऱ्या दिवशी सायंकाळी तो घरी परतला.

हा मुलगा पन्नास वर्षांपूर्वी कदाचित वाचला नसता. त्या काळी कोकणात गंभीर दंश झालेल्या रोग्यांपैकी शेकडा ३० च्या आसपास दगावत. महाडजवळील बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात काम करणारे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी रोग्यांच्या उशाशी बसून लक्षणांच्या नोंदी केल्या. त्या १९८२ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाल्या. पुढे त्यांनी रक्तदाबावरील ‘प्राझोसिन’ हे औषध वापरून पाहिले व १९८६ साली त्याचे निष्कर्ष जाहीर केले. हे औषध विष मारीत नाही. आवळलेल्या रक्तवाहिन्या सैल करते. मृत्यूचे प्रमाण त्यामुळे अगदी खाली आले. २०११ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या ७० रोग्यांवरील प्रयोगात प्राझोसिनच्या जोडीस प्रतिविष दिले असता रोगी सरासरी ८ तासांत बरे झाले. नुसत्या प्राझोसिनने सुमारे १८ तास लागले.

प्रतिविष मात्र विषातील प्रथिनांनाच पकडते, आणि येथे आपल्या भागाचा संबंध येतो. २००७ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात कोकणातील व दख्खनच्या पठारावरील लाल विंचवांच्या विषांची तुलना केली गेली. जात एकच, परंतु पेप्टाइडांचा संच ठिकाणपरत्वे बदललेला आढळला. पठारावरील दंशाचा स्वतंत्र अभ्यास हवा, तो याचसाठी.

याच विषातून १९९० साली वेगळे काढलेले ३७ घटकांचे ‘आयबेरिओटॉक्सिन’ पोटॅशियमचे एक विशिष्ट दार तेवढे बंद करते. म्हणून ते जगभरच्या प्रयोगशाळांत वापरले जाते. शेतकऱ्यास अधिक कुतूहल वाटावे असा पेप्टाइड २००१ साली वर्णिला गेला. तो तंबाखूवरील अळीस लुळी पाडतो. ही अळी आपल्या हरभऱ्यावरील घाटेअळीची जवळची नातलग. माशीच्या अळ्यांवर त्याचा परिणाम अल्प दिसला. यावरून उद्या कीडनाशक निघेल की नाही हे सांगता येत नाही, आणि कोणी विकावयास आणल्यास विश्वास ठेवू नये.

ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनी सुगीपूर्वीच आपल्या आरोग्य केंद्रात प्राझोसिन व प्रतिविष आहे काय, याची चौकशी करून ठेवावी. दंश झालेल्यास, विशेषतः मुलास, निजवून ठेवावे. जखम कापू नये, दोरी आवळू नये, आणि १०८ क्रमांकावर गाडी मागवावी. औषध व मात्रा डॉक्टरांनीच ठरवावी. कडबा उचलताना पायांत बूट असावेत आणि पेंढी पायाने किंवा काठीने आधी हलवावी. अतिनील प्रकाशाची विजेरी बाजारात मिळते. तिच्या उजेडात विंचू हिरवट चमकतो, त्यामुळे रात्री रानात वस्तीस असलेल्यांना अंथरूण टाकण्यापूर्वी जागा तपासणे सोपे जाते.