परसातले पाहुणे

पाणवठ्यावर गेल्याशिवाय स्थलांतर कळत नाही, असा समज आपल्याकडच्या काही पक्षीमित्रांनी पक्का करून ठेवला आहे. दसरा झाला की गाड्या जायकवाडीकडे वळवायच्या, पट्टकदंब आणि चक्रवाकाचे फोटो काढायचे, की झाला हंगाम. त्या बदकांवर भरपूर लिहून झालं आहे, मी भर घालत नाही. माझं भांडण जुनंच आहे. आमच्या केदारखेड्यात, पूर्णेच्या काठी, हिवाळी पाहुण्यांची चाहूल आधी लागते ती परसात, मोरीच्या ओलीवर आणि उकिरड्यावर.

पहिला मान परटाचा. करडा परीट सप्टेंबरात येतो, पांढरा त्याच्या मागून. न्हाणीचं पाणी आळूच्या वाफ्यात मुरतं तिथे शेपूट वरखाली करत किडे टिपतो. पितृपक्ष लागला की परीट येतो, हा ठोकताळा ऐकायला बरा. पण 2023 साली अधिक श्रावणामुळे पितृपक्ष सप्टेंबर संपता संपता आला, आणि परीट काही त्यासाठी थांबला नाही. पाखराला दिवसाची लांबी कळते, तिथी नाही. सालिम अलींनी कडी घातलेला एक करडा परीट मुंबईतल्या एका लहानशा हिरवळीवर वर्षामागून वर्षं परत येत राहिला, हे त्यांनीच लिहून ठेवलं आहे. हिमालयाकडून निघालेलं पाखरू नेमकं तेवढ्या तुकड्यावर उतरतं! दर रविवारी नवं तळं गाठणाऱ्याला हे कसं दिसावं? त्यासाठी एकच अंगण सालोसाल पाहावं लागतं.

घटस्थापनेच्या आगेमागे थिरथिरा येतो आणि माझं बाकीचं काम मागे पडतं. नराची छाती काळीभोर, पोट विटकरी. मादी मातकट, शेपटी मात्र दोघांची तांबूस. गोठ्याच्या खुंटावर बसला की शेपूट थरथरते, आणि मधूनच मुजरा केल्यासारखा तो झुकतो. शेणाजवळ किडा हलला की खाली झेप, किडा चोचीत, पुन्हा तोच खुंट. दुसरा थिरथिरा कुडाजवळ फिरकला तर त्याला हाकलून लावतो. हिवाळाभर ते परस त्याचं असतं. दिवेलागणीला चिमण्या गप्प झाल्या तरी याची टिपणी चालूच. हिमालयातल्या आणि मध्य आशियातल्या उंच खडकाळ मुलखातलं हे पाखरू आमच्या शेणकुडाच्या भिंतीवर सुखाने राहतं.

वटवट्यांच्या ओळखीचे वाद दरसाल रंगतात, त्यात मी पडत नाही. लिंबातून ‘चक् चक्’ ऐकू आलं तरी मला पुरतं. ती बोटाएवढी पाखरं रात्री उडतात आणि पहाटे भुकेली उतरतात. त्या वर्षीची पिल्लं तर आईबापांशिवाय, उपजत दिशेने येतात. परतीच्या पावसानंतर बांधावर किडे माजलेले असतात, तेच त्यांचं जेवण.

भोरड्यांचं दुःख वेगळं. त्या ऑगस्टपासूनच येऊ लागतात. बाजरीच्या दिवसांत मचाणावर गोफण घेऊन पोरं बसायची, आभाळात थवा वळला की आरोळी उठायची. शेतकरी त्यांना शिव्या द्यायचा, पण त्या किडे आणि टोळही फस्त करतात, हे माझ्या पिढीला कुणी सांगितलं नाही. आता शिवारात कपाशी, मका आणि सोयाबीन. बाजरी-ज्वारी घटली, मचाणं गेली, फवारण्या वाढल्या. गावातही परसाला फरशी आली, मोरी पाइपात गेली, बाभळीच्या काटेरी कुंपणाच्या जागी सिमेंटचे खांब उभे राहिले. त्या फरशीवर परटाने काय टिपायचं?

2020 पासून राज्यात 5 ते 12 नोव्हेंबर पक्षी सप्ताह होतो. पाचला मारुती चितमपल्लींचा जन्मदिवस, बाराला सालिम अलींचा. चितमपल्ली 2025 च्या जूनमध्ये गेले. पाखरांची मराठी नावं हे त्यांचं मोठं देणं, तेव्हा सप्ताहाला माझा विरोध नाही. पण तोवर परसातली आवक बरीचशी होऊन गेलेली असते, आणि शाळांच्या सहली तळ्याकडेच जातात. सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यातच प्रत्येक पोराला एक वही द्यावी आणि घरामागच्या मोरीपाशी बसवावं. परीट कोणत्या तारखेला आला, थिरथिरा कोणत्या खुंटावर बसला, एवढंच त्यांनी लिहावं, आणि पुढच्या वर्षी तीच वही पुन्हा उघडावी.